खेचर झालेला बंकर

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्लोवान नावाचं गाव आहे. तिथली पुळण लांबच लांब, सपाट आणि वाऱ्याने सतत भणाणलेली. तिच्यावर काँक्रीटचे काही अजस्र ठोकळे वाळूत रुतून, थोडे कलून पडलेत. जवळ गेलं की एकेका ठोकळ्याच्या पुढच्या अंगाला लोखंडी मान आणि डोकं दिसतं, उभे लांब कान दिसतात. मागच्या अंगाला शेपूट. लोखंड खाऱ्या वाऱ्याने तांबूस झालेलं. मधलं करडं काँक्रीट म्हणजे जनावराचं धड. उन्हाळ्यात पोरं त्याच्या पाठीवर चढून बसतात आणि आईवडील खालून फोटो काढतात.

ही खेचरं आहेत आणि त्यांची धडं म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी बांधलेले बंकर. डेन्मार्क १९४५ मध्ये मोकळा झाला, त्याला १९९५ साली ५० वर्षं झाली. त्या निमित्ताने बिल वुडरो या ब्रिटिश शिल्पकाराने या ठोकळ्यांना डोकी आणि शेपट्या जोडल्या. घोडा का नाही केला, बैल का नाही? कारण खेचराला पिल्लं होत नाहीत. ओझी वाहण्यात त्याचा जन्म जातो आणि वंश तिथेच संपतो. या बंकरांनाही पिल्लं होऊ नयेत, एवढंच वुडरोला म्हणायचं होतं. शेजारी मोठा फलक लावून शांततेवर चार परिच्छेद लिहिले असते तर ते कुणी वाचले असते की नाही, शंकाच आहे. शेपूट मात्र सगळ्यांना दिसते.

युरोपच्या किनाऱ्यावर असे हजारो बंकर पडून आहेत. गेल्या तीसेक वर्षांत त्यांतल्या काहींची संग्रहालयं झाली, काहींची कलादालनं, एखाद्याचं तर छतावरचं उद्यान झालं. बातमीत हे सगळं फार गोड वाटतं: युद्धाच्या जागी कला आली! प्रत्यक्षात हे काम भलतंच किचकट आहे. त्यात काँक्रीट आहे, खारी हवा आहे, पैसा आहे आणि सगळ्यात अवघड म्हणजे लाज आहे. एकेक उलगडून पाहू.

ही भिंत नेमकी काय होती

२३ मार्च १९४२ रोजी हिटलरने एक लष्करी आदेश काढला, क्रमांक ४०. युरोपचा पश्चिम किनारा तटबंदीने बंद करायचा, म्हणजे ब्रिटन आणि अमेरिकेला समुद्रातून फौजा उतरवता येणार नाहीत. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून फ्रान्स-स्पेनच्या सीमेपर्यंतच्या या तटबंदीला ‘अटलांटिक वॉल’ म्हणतात. नाव भिंतीचं असलं तरी सलग भिंत कुठेच नव्हती. तोफांचे चौथरे, दारूगोळ्याची कोठारं, सैनिकांच्या खोल्या, टेहळणीचे मनोरे आणि मधे सुरुंग पेरलेली वाळू, असा तो विस्कळीत पसारा होता. बंदरांजवळ दाट, इतरत्र विरळ.

बांधकामाची जबाबदारी ‘ऑर्गनायझेशन टोट’ या अवाढव्य सरकारी बांधकाम संस्थेकडे होती. तिच्याकडे ठरलेले नकाशे होते. आपल्याकडे पीडब्ल्यूडीच्या विश्रामगृहाचा नकाशा जसा जिल्हा कोणताही असो, सारखाच, तसंच इथेही. अमुक क्रमांकाचा बंकर म्हणजे इतक्या खोल्या, इतकी माणसं, इतकं सिमेंट. नेहमीच्या पक्क्या बंकरची भिंत आणि छत दोन मीटर जाड, महत्त्वाच्या ठिकाणी साडेतीन मीटर. आपल्या घराचा स्लॅब पाच-सहा इंचांचा असतो, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुरे.

हे काम केलं कुणी? पूर्वेकडून धरून आणलेल्या बायका-पुरुषांनी, युद्धकैद्यांनी, छळछावण्यांतल्या माणसांनी. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्यापासून जीव वाचवायला फ्रान्समध्ये आलेले स्पॅनिश प्रजासत्ताकवादी होते, सक्तीने भरती केलेले फ्रेंच तरुण होते. मराठीत यासाठी शब्द आहे, वेठबिगार. पण सगळीकडे वेठ नव्हती, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. डेन्मार्कमध्ये स्थानिक ठेकेदारांनी रीतसर कामं घेतली आणि स्थानिक मजूर रीतसर मजुरीवर गेले. कुणी भरपूर कमावलं, कुणाचं फक्त पोट भरलं. युद्ध संपल्यावर बंकर तिथेच उभा राहिला आणि तो आपल्याच काकांनी बांधला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वास्तूकडे पाठ फिरवायला माणसं फार लवकर शिकतात.

पाडून का टाकले नाहीत

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. उत्तरासाठी हेलिगोलँडला जाऊ. उत्तर समुद्रातलं हे छोटंसं जर्मन बेट म्हणजे पाणबुड्यांचा तळ आणि पोटात भुयारंच भुयारं. १८ एप्रिल १९४७ रोजी ब्रिटिशांनी ती तटबंदी एकदाची संपवायची म्हणून सुमारे ६,७०० टन स्फोटकं एकाच वेळी उडवली. तटबंदी उडाली, सोबत बेटाचा आकारही कायमचा बदलला. निर्जन केलेल्या बेटावर हे जमलं. शहराच्या मधोमध, घरांना आणि गोदीला लागून असलेल्या बंकरवर हा प्रयोग कोण करणार? आणि जिथे पाडणं शक्य होतं, तिथे १९४५ नंतर आधी माणसांना घरं हवी होती. सिमेंट, ट्रक, मजूर, सगळ्याचाच तुटवडा. बंकर पाडण्यावर खर्च करणं म्हणजे घरात दाणा नसताना अंगण सारवण्यासारखं झालं असतं.

म्हणून लोकांनी कामापुरतं केलं. लोखंडी दारं, तारा, पंखे भंगारात विकले. शेतकऱ्यांनी आत बटाटे साठवले, कुणी डुकरं पाळली. सुरुंग मात्र काढावेच लागले. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर दहा लाखांहून जास्त सुरुंग पेरलेले होते. ते काढायला पकडलेल्या जर्मन सैनिकांनाच जुंपलं गेलं आणि त्यात कित्येक मेले, कित्येकांचे हातपाय गेले. ब्लोवानच्या खालच्या अंगाला स्कालिंगेन नावाची भूशिर आहे, ती सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१२ साल उजाडलं.

बाकी काम वाऱ्याने केलं. वाळूच्या टेकड्यांनी बरेच बंकर गिळले. २००८ मध्ये डेन्मार्कच्याच हौविग इथे एका वादळाने टेकडी खरवडून काढली, तेव्हा आत सामानासकट शाबूत राहिलेले बंकर निघाले.

आता ते कललेले का दिसतात तेही सांगतो, कारण फोटोत लोकांना तेच सगळ्यात नाट्यमय वाटतं. वाळूतल्या बंकरला आपल्या इमारतीसारखा खोल पाया नसतो. तळ, भिंती, छत मिळून एकच ओतीव खडक. शेजारी बाँब पडला तर तो होडीसारखा हेलकावा खाईल पण फुटणार नाही, असा हिशोब होता. पुढे समुद्राने टेकड्या खाल्ल्या, खालची वाळू निघून गेली आणि खडक घरंगळला. जे टेकडीच्या माथ्यावर बांधलं, ते आज भरतीच्या पाण्यात उभं आहे. अशा बंकरांतून बाहेर आलेल्या गंजक्या सळया पोहणाऱ्यांच्या अंगात घुसतात, म्हणून काही किनाऱ्यांवरचे बंकर फोडून उचलून न्यावे लागले.

या कचऱ्याकडे नीट बघणाऱ्या पहिल्या माणसांत फ्रान्सचा विचारवंत पॉल विरिलिओ होता. त्याचं बालपण नांतमध्ये बाँबहल्ल्यांखाली गेलं. १९५८ पासून तो किनाऱ्यावर हिंडून बंकरांचे फोटो काढत होता, मापं घेत होता. १९७५ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन लागलं. गोल केलेले कोपरे, वाळूतून डोकावणारे फटीसारखे डोळे, सेंटरिंगच्या फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर जशाच्या तशा उमटलेल्या. हे सगळं त्याने एखाद्या प्राचीन थडग्याकडे बघावं तसं पाहिलं. त्या फळ्यांच्या ठशांवर मीही अडकतो. लाकडातली गाठसुद्धा दिसते. ती फळी कुणीतरी हाताने ठोकली होती आणि त्या माणसाची खूण म्हणून सहसा तेवढंच उरलेलं असतं.

आत गेल्यावर पहिला शत्रू: ओल

समजा तुमच्या नगरपालिकेने ठरवलं की किनाऱ्यावरच्या बंकरात चित्रप्रदर्शन भरवायचं. पहिल्या जूनमध्येच डोकं धरून बसाल. दोन मीटर जाड भिंत वर्षभर थंड राहते. उन्हाळ्यातली दमट हवा आत शिरली की तिला टेकली आणि पाणी सुटलं. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे लादी घामेजते, तेच हे. दारं-खिडक्या उघडून वारा खेळवावा, हा आपला घरगुती उपाय इथे उलटा पडतो, कारण बाहेरचा वाराच पाणी घेऊन येतो. भिंतीच्या तापमानाला आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाला मापत, योग्य वेळीच पंखे चालवावे लागतात. नाहीतर कागद फुगतो, कॅनव्हासला बुरशी येते, प्रोजेक्टरच्या भिंगावर धुकं धरतं.

दुसरा शत्रू मीठ. कोकणात समुद्राकाठच्या बंगल्याचा छज्जा आठवा. आधी बारीक चीर, मग तांबूस डाग, मग पोपडा सुटतो आणि सळई उघडी पडते. मिठातला क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत लोखंडापर्यंत पोचतो, लोखंड गंजतं आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीट फोडतो. बंकर एवढा जाड की पडायची भीती लवकर नसते, पण छताचा चार किलोचा पोपडा शाळेच्या सहलीवर पडला तर संग्रहालय दुसऱ्या दिवशी बंद.

त्यात बंकरला दार एकच, तेही अरुंद आणि मुद्दाम काटकोनात वळवलेलं, म्हणजे स्फोटाची लाट थेट आत येऊ नये. आगीच्या नियमांना मात्र दुसरी वाट हवी असते आणि चाकाच्या खुर्चीला उतार हवा असतो. नवं दार पाडायचं म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने काँक्रीट कापायचं. नेदरलँड्समध्ये, समुद्रापासून आत, शत्रूला अडवायला जमीन पाण्याखाली बुडवायची अशा जुन्या संरक्षणरेषेवर १९४० चा एक छोटा बंकर आहे, क्रमांक ५९९. आरएएएएफ आणि अतेलिए द लियाँ या दोन गटांनी तो चक्क मधोमध कापला, मधली चकती क्रेनने उचलली आणि त्या फटीतून तळ्याकडे जाणारी पायवाट काढली. कापायलाच सुमारे ४० दिवस लागले. ज्याचं पोट कुणी कधी पाहू नये म्हणून बांधलं, त्याचं पोट आता सगळे पाहतात, आणि तो बंकर आता राष्ट्रीय स्मारक आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं हे सगळ्यात नेमकं काम, कारण त्यात काहीही लावलेलं नाही, फक्त काढलंय.

आणि हो, वटवाघळं. थंड, काळोख्या, कुणी न फिरकणाऱ्या जागा त्यांना हिवाळी झोपेसाठी फार आवडतात आणि युरोपात त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. कित्येक बंकरांचा प्रश्न त्यांनी परस्पर सोडवून टाकलाय.

सँ-नाझेर: ज्या शहराने पाठ फिरवली होती

फ्रान्सच्या लुआर नदीच्या मुखाशी सँ-नाझेर हे जहाजबांधणीचं गाव. १९४१ पासून जर्मनांनी इथे पाणबुड्यांसाठी तळ बांधला. जवळजवळ ३०० मीटर लांब, १३० मीटर रुंद, १८ मीटर उंच. आत १४ कप्पे, पाणबुडी सरळ पाण्यातून आत शिरेल असे. छत काही जागी आठ-नऊ मीटरपर्यंत जाड. दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी त्यावर बाँब टाकले, मग आजूबाजूच्या शहरावर टाकले. शहराचा सुमारे ८५ टक्के भाग बेचिराख झाला. तळाला मोठंसं काही झालं नाही. सँ-नाझेरच्या जर्मन फौजेने शरणागती पत्करली ती ११ मे १९४५ ला, म्हणजे युरोपातलं युद्ध संपल्याच्या तीन दिवसांनंतर.

नवं शहर वसवलं गेलं ते या तळाकडे पाठ करून. मधे दशकानुदशकं तो करडा डोंगर, पलीकडे गोदी, आणि बंदराचं गाव असून लोकांना पाणीच दिसेना. घरातल्या ज्या माणसाविषयी कुणी बोलत नाही, त्याच्या खोलीला कुलूप लावावं तसं.

१९९० च्या दशकात नगरपालिकेने कुलूप काढायचं ठरवलं. आधी १९९१ मध्ये यान केर्साले या प्रकाशकलाकाराने गोदी आणि तळ रात्री उजळवला. लोक मुकाट्याने बघायला आले. मग बार्सिलोनाचे नगररचनाकार मानुएल द सोला-मोरालेस यांनी आराखडा केला. त्यांनी तळ सजवला नाही. शहराच्या बाजूच्या भिंतींत आरपार वाटा मोकळ्या केल्या, म्हणजे रस्त्यावरून थेट पाण्यापर्यंत नजर जाईल. आणि जमिनीपासून छतापर्यंत एक सौम्य चढ बांधला, म्हणजे आजीबाईसुद्धा बंकरच्या डोक्यावर चालत जाईल. आत जुन्या प्रवासी जहाजांचं संग्रहालय आलं आणि २००७ मध्ये चौदाव्या कप्प्यात कला आणि संगीताची दालनं उघडली. छतावर एक पांढुरका गोल घुमट दिसतो. तो बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावरच्या रडारचं आवरण होता, इथे आणून बसवलाय.

मला या जागेत सगळ्यात जवळची वाटते ती छतावरची बाग. झील क्लेमाँ या उद्यानकाराची. छतावर काँक्रीटच्या समांतर तुळयांच्या ओळी आहेत. बाँब आधी त्यांवर फुटावा, खालच्या मुख्य छतापर्यंत पोचू नये, म्हणून केलेल्या. त्या तुळयांच्या फटींतून क्लेमाँने ॲस्पेनची झाडं लावली. या झाडाला फ्रेंचमध्ये ‘थरथरणारं’ म्हणतात, कारण वारा नसल्यासारखा असतानाही त्याची पानं हलतात. आपल्या पिंपळाचं जसं. शेजारी दुसरा तुकडा आहे. तिथे लांबट खळग्यात मातीचा पातळ थर पसरून ठेवलाय आणि मुद्दाम काहीही पेरलेलं नाही. वारा, पक्षी, लोकांच्या बुटांचे तळवे जे बी आणतील ते उगवतं. वेळोवेळी कुणीतरी वाकून पाहतं, नवं आलेलं रोप ओळखतं आणि त्याच्या नावाची चिठ्ठी त्याच्याजवळ खोचतं. पाणबुड्या वाचवायला बांधलेल्या छतावर माणसं गुडघे टेकून गवताची नावं शोधताहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा.

पण आठवण नेमकी कुणाची?

आता कडवट भाग. बोर्दोमध्येही असाच पाणबुडी तळ आहे, ११ कप्प्यांचा. २०२० च्या जूनपासून त्यातल्या चार कप्प्यांत डिजिटल कलाकेंद्र चालतं. प्रचंड भिंतींवर चित्रं प्रक्षेपित होतात आणि खालच्या काळ्या पाण्यात त्यांची प्रतिबिंबं पडतात. सुरुवातच गुस्ताव क्लिम्ट या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या सोनेरी चित्रांनी झाली. दिसायला अप्रतिम, यात वाद नाही. पण तो तळ बांधायला हजारो स्पॅनिश प्रजासत्ताकवादी जुंपलेले होते आणि किती मेले त्याचा धड हिशोब नाही. बाहेर त्यांचं स्मारक आहे, २०१२ चं. तिकीट काढून आत जाणारा त्याच्यापाशी थांबतोच असं नाही. सोनं इतकं झगमगतं की काँक्रीट दिसेनासं होतं आणि फळ्यांचे ठसेही. हे मी वाईट म्हणणार नाही. सोयीचं मात्र म्हणेन.

याच्या दुसऱ्या टोकाला जर्मनीतल्या ब्रेमेनजवळ, वेझर नदीकाठी बंकर व्हॅलेंटिन आहे. ४२६ मीटर लांबीचा पाणबुड्यांचा कारखाना. १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून जास्त वेठबिगार त्यावर राबले, हजाराहून जास्त मेल्याची नोंद आहे आणि त्यातून एकही पाणबुडी पाण्यात उतरली नाही. युद्धानंतर जर्मन नौदलाने तो बरीच वर्षं चक्क गुदाम म्हणून वापरला. २०१५ मध्ये तिथे स्मृतिस्थळ उघडलं. रंगरंगोटी नाही, गणवेश घातलेले पुतळे नाहीत. एक वाट आहे, ती बंकरभोवती आणि बंकरातून फिरते, आणि थांब्याथांब्यावर कैद्यांचं बोलणं भेटतं. बाँबने छताला पडलेली भोकंही तशीच ठेवलीत, त्यांतून पाऊस आत येतो. तिथे कुणी वाढदिवसाचे फोटो काढत नसावं.

या दोन टोकांच्या मधे कुठे उभं राहायचं हा खरा प्रश्न, आणि तो सुटतो तेव्हा बहुतेकदा बंकरला हात न लावता सुटतो. पुन्हा ब्लोवान. खेचरांपासून जवळच ‘टिर्पिट्झ’ नावाचा अजस्र बंकर आहे. १९४४ मध्ये बांधायला घेतला, ३८ सेंटिमीटर तोंडाच्या तोफांसाठी. तोफा कधी बसल्याच नाहीत. २०१७ मध्ये ब्यार्क इंगेल्स या डॅनिश वास्तुकाराच्या संस्थेने शेजारी संग्रहालय बांधलं, आणि ते दुरून दिसतच नाही. वाळूच्या टेकडीत चार चिरा पाडल्यात, त्या मधल्या चौकात मिळतात आणि सहा मीटर उंच काचांतून उजेड जमिनीखालच्या दालनांत उतरतो. पुढे भुयारातून जुन्या बंकरात जायचं, जो काळोखा आणि ओकाबोका ठेवलाय. आर्द्रतेचा प्रश्नही सुटला: नाजूक वस्तू नव्या दालनात, काँक्रीट काँक्रीटच्या जागी. आणि माणूस आपोआप उजेडातून काळोखात जातो, काही समजावून सांगावं लागत नाही.

उत्तर फ्रान्समधल्या डंकर्कजवळ लेफ्रँकूकच्या वाळूत मात्र ना संस्था होती ना निधी. २०१४ च्या सुमारास ‘अनोनिम’ म्हणजे ‘निनावी’ म्हणवणाऱ्या एका कलाकाराने एका पडीक बंकरावर आरशांचे फुटके तुकडे चिकटवले. नाव दिलं ‘रेफ्लेशिर’. फ्रेंचमध्ये याचे दोन अर्थ, प्रतिबिंब दाखवणं आणि विचार करणं. बंकर ढगांत विरघळतो. सरकवून, फोडून, उडवून जे जमलं नव्हतं ते डिंक आणि काचेने झालं.

आपली माणसं या वाळूत

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटत असेल तर थांबा. याच डंकर्कला मे-जून १९४० मध्ये ब्रिटिश फौजेने समुद्रावाटे पळ काढला, तेव्हा त्यांच्यात भारतीय खेचरपलटणी होत्या. खरीखुरी खेचरं! ‘फोर्स के-६’ या नावाने त्या १९३९ च्या डिसेंबरमध्ये मुंबई बंदरातून निघून फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरल्या होत्या. जवान बहुतेक पंजाबातले मुसलमान. माणसं निघाली, जनावरं मागे राहिली. वुडरोने खेचर निवडलं तेव्हा त्याच्या मनात हे असायचं काही कारण नाही. माझ्या मनातून मात्र ते जात नाही.

आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही भारतीय होते. उत्तर आफ्रिकेत जर्मनांच्या हाती लागलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत एक पलटण उभारली. सिंगापूरच्या आझाद हिंद सेनेहून ही वेगळी, जर्मन लष्करातली ९५० क्रमांकाची रेजिमेंट. १९४३ मध्ये तिला आधी नेदरलँड्सच्या आणि मग फ्रान्समध्ये बोर्दोच्या पश्चिमेला लाकानोच्या किनाऱ्यावर ठेवलं, अटलांटिक वॉलच्या राखणीला. फेब्रुवारी १९४४ मध्ये खुद्द जर्मन सेनानी रोमेल तिची पाहणी करून गेला. देश स्वतंत्र व्हावा म्हणून शपथ घेतलेली माणसं दुसऱ्याच कुणाचा पारतंत्र्यात टाकलेला किनारा राखत होती. आणखी एक धागा: नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीने निघाले, मादागास्करजवळ जपानी पाणबुडीत चढले. यू-१८० परत फिरून जुलैमध्ये आली ती बोर्दोला. ज्या बंदरातल्या काळ्या पाण्यात आज क्लिम्ट दिसतो.

आपल्या किनाऱ्यावरही काँक्रीट आणि दगड आहेतच. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. तिथल्या वाळूत त्या युद्धातले पिलबॉक्स, म्हणजे बंदुकीसाठी फट ठेवलेल्या काँक्रीटच्या छोट्या चौक्या, अजून उघडे पडतात. आणि मुंबईत, मलबार हिलच्या टोकाला, राजभवनाच्या हिरवळीखाली ब्रिटिशांचा एक तोफखान्याचा बंकर निघाला. तो पहिल्या महायुद्धाच्याही आधीच्या काळातला, त्यामुळे अटलांटिक वॉलशी त्याचं नातं फक्त समुद्राचं. आत भुयार आहे असं जुनी माणसं सांगत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये बुजवलेली भिंत फोडली तेव्हा मागे १३ खोल्या आणि सुमारे १५,००० चौरस फुटांची जागा. दशकानुदशकं बंद राहिल्याने बांधकाम खिळखिळं झालेलं, त्याची दुरुस्ती करावी लागली. १८ ऑगस्ट २०१९ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिथे संग्रहालय उघडलं. जून २०२२ मध्ये त्याच बंकरात ‘क्रांतिगाथा’ हे क्रांतिकारकांचं दालन आलं, त्याचं उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. ज्यांच्यावर पाळत ठेवणारं सरकार वरच्या बंगल्यात राहायचं, त्या क्रांतिकारकांच्या तसबिरी आता त्याच सरकारच्या दारूगोळ्याच्या खोल्यांत आहेत.

तो बंकर उघडला तेव्हा खोल्यांची जुनी नावं तशीच मिळाली होती: शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, पंप, वर्कशॉप. साहेबाला कुठे काय ठेवलंय ते सापडावं म्हणून लिहिलेली. दगड वाहणाऱ्या मजुरांपैकी एकाचंही नाव त्यांत नाही.